कुरकुरणारं दार आणि बोटभर पीन

१. परवाच तर तेल घातलं होतं!

प्रश्न घरोघरी विचारला जातो : परवाच तर तेल घातलं होतं, मग दार पुन्हा का कुरकुरायला लागलं?

छत्रपती संभाजीनगरात गुलमंडी-औरंगपुऱ्याकडचा जुना वाडा असो, सिडकोतलं रो-हाऊस असो की बीड बायपासवरचा नवा फ्लॅट, दार वाजायला लागलं की हात आधी स्वयंपाकघरातल्या तेलाकडे जातो. बिजागरीवर दोन थेंब सोडले, दार चार वेळा मागेपुढे केलं, आवाज गेला. पंधरवड्यात तोच कर्रर्र आवाज परत येतो, आणि बहुतेकदा पहिल्याहून जाड. मग घरातलं कोणी म्हणतं, बिजागरीच बदला. कोणी म्हणतं, सुताराला बोलवा. कोणी म्हणतं, पावसाळा सरला की आपोआप बंद होईल. तिघांचंही म्हणणं कुठल्या ना कुठल्या दाराच्या बाबतीत खरं असतं. आपल्या दाराला यातलं कुठलं लागू पडतं, हे ठरवायचं तर आवाज तयार कसा होतो इथपासून सुरुवात करावी लागते.

२. आवाज येतो कुठून?

बिजागरीचे भाग तीनच. दोन पत्ते असतात, एक चौकटीला आणि एक दाराला स्क्रूनं आवळलेला. दोन्ही पत्त्यांच्या कडा गोल वळवून त्यांच्या छोट्या नळ्या केलेल्या असतात, आणि या नळ्या एकमेकींत गुंतवून त्यांतून एक पीन आरपार घातलेली असते. दार फिरतं ते या बोटभर पिनेभोवती.

पीन आणि नळी यांच्यात अगदी थोडी जागा असते. ती कोरडी पडली, तिथे गंज धरला किंवा धूळ बसली की धातू धातूवर घासतो. पण नुसत्या घासण्यानं कुरकुर होत नाही. ती होते थांबत-थांबत घासण्यानं. लोखंडी कपाट फरशीवरून सरकवून पाहिलं की हे नेमकं कळतं. सुरुवातीला कितीही रेटा, ते हलत नाही. एकदा हललं की एकदम पुढे जातं आणि पुन्हा अडतं. थांबलेली वस्तू हलवायला जेवढा जोर लागतो, त्यापेक्षा हलती वस्तू हलती ठेवायला कमी लागतो, म्हणून हा हिसका बसतो. पिनेवर असे हिसके डोळ्यांना न दिसण्याइतके बारीक असतात, पण ते सेकंदाला शेकडो वेळा बसतात. अडकणं, सुटणं, पुन्हा अडकणं. हीच थरथर पत्त्यातून स्क्रूत आणि स्क्रूतून दाराच्या फळीत उतरते. एवढीशी पीन खोलीभर ऐकू जाईल असा आवाज काढू शकत नाही. तो मोठा करते ती दाराची रुंद फळी, आणि म्हणूनच आतून पोकळ असलेलं हलकं दार भरीव सागवानी दारापेक्षा जास्त बोंबलतं.

चार्ल्स ऑगुस्टीन कुलोम हा फ्रेंच लष्करी अभियंता होता. विजेच्या अभ्यासामुळे त्याचं नाव शाळेच्या पुस्तकात येतं, पण १७८१ मध्ये त्यानं घर्षणावर सविस्तर प्रबंध लिहिला होता, हे फारसं सांगितलं जात नाही. लाकडावर लाकूड ठेवून तो पाहत होता, आणि त्याला असं दिसलं की दोन पृष्ठभाग एकमेकांवर जितका वेळ स्वस्थ राहतील, तितका ते हलवायला जास्त जोर लागतो. बंद ठेवलेल्या खोलीचं दार पहिल्यांदा उघडताना सर्वांत मोठ्यानं का कण्हतं, याचं एक कारण इथे आहे. दुसरं अर्थात गंज.

आणखी एक अनुभव सगळ्यांचा असतो. बाळ झोपलंय म्हणून दार हळूच उघडावं, तर ते जास्तच वाजतं. दिवसा घाईत ढकललं तर कधी आवाजही येत नाही. अडकण्या-सुटण्याचा खेळ कमी वेगातच रंगतो. वेग वाढला की पिनेला अडकायला सवडच मिळत नाही.

३. अजिंठ्याची दारं

बिजागरी तशी अलीकडची सोय. त्याआधी दारं फिरत ती स्वतःच्याच टोकांवर. फळीच्या एका कडेला वर आणि खाली खुंटीसारखं टोक राखलेलं असे. वरचं टोक चौकटीतल्या भोकात, खालचं उंबऱ्याजवळच्या दगडी किंवा लाकडी खळग्यात. मराठवाड्यातल्या जुन्या वाड्यांची आणि गढ्यांची कित्येक दारं आजही अशीच फिरताना दिसतात.

या पद्धतीचा फार जुना पुरावा याच जिल्ह्यात, शहरापासून सुमारे शंभर किलोमीटरवर आहे. अजिंठ्याच्या विहारांत मधल्या मंडपाभोवती भिक्षूंच्या राहण्याच्या लहान खोल्या आहेत. पर्यटक भिंतींवरची चित्रं पाहतो आणि या अंधाऱ्या खोल्यांसमोरून पुढे निघून जातो. खोलीच्या तोंडाशी थांबून वर-खाली नजर टाकली तर कातळात कोरलेली भोकं दिसतात. लाकडी दारं केव्हाच गेली, पण ती ज्यांत फिरणार होती ती भोकं दीड हजार वर्षं टिकली आहेत.

अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाचे कला-इतिहासकार वॉल्टर स्पिंक यांनी ही भोकं फार गांभीर्यानं पाहिली. अजिंठ्याचा अभ्यास त्यांनी काही दशकं केला आणि त्यावर अनेक खंडांचा ग्रंथ लिहिला. दाराची टोकं बसवण्याची पद्धत काम पुढे सरकत गेलं तशी बदलत आणि सुधारत गेली, असं त्यांनी दाखवलं. कोणत्या खोलीत कुठली पद्धत आहे, यावरून कोणतं काम आधीचं आणि कोणतं नंतरचं हे लावायला त्यांना मदत झाली. वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, अवघ्या वीसेक वर्षांत बहुतेक लेणी कोरली गेली असं त्यांचं मत होतं. एवढा छोटा काळ सगळ्याच अभ्यासकांना मान्य नाही. पण दाराच्या भोकासारखी क्षुल्लक वाटणारी गोष्ट इतिहासाचा पुरावा म्हणून उभी करता येते, हे त्यांच्या कामातून पक्कं झालं. आणि भोकाची कड घासून गुळगुळीत झाली असेल, तर तिथे दार खरोखर बसलं होतं, कोणीतरी ते रोज उघडत-मिटत होतं, हा अंदाज कुणालाही बांधता येतो.

घरातल्या दुरुस्तीच्या दृष्टीनं या जुन्या पद्धतीतली एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. तिथे दाराचा सगळा भार खालच्या टोकावर पडतो आणि सरळ दगडात उतरतो. खिळ्यावर किंवा स्क्रूवर तो लटकत नाही. देवगिरीच्या किल्ल्यावर लोखंडी सुळे ठोकलेली दारं पाहिली म्हणजे अशा वजनाला पायाखाली आधार का हवा, हे लगेच कळतं. आजचं दार मात्र कडेला, हवेत टांगलेलं असतं. त्याची बहुतेक दुखणी या टांगलेपणातून येतात.

४. आठ किलोचं ओढणं

हिशेब सोपा आहे आणि एकदा करून पाहण्यासारखा आहे.

समजा, दार सात फूट उंच आणि तीन फूट रुंद, म्हणजे साधारण २१० बाय ९० सेंटिमीटर. वजन ३० किलो. दाराचं वजन त्याच्या मध्यावर, बिजागरीपासून ४५ सेंटिमीटर दूर आहे असं धरायचं. वरची आणि खालची बिजागरी यांच्यात अंतर १७० सेंटिमीटर. हे वजन दाराला पुढे आणि खाली झुकवू पाहतं. त्याला रोखण्यासाठी वरची बिजागरी दाराला चौकटीकडे ओढून धरते आणि खालची त्याला बाहेर रेटते. हे ओढणं किती? ३० ला ४५ नं गुणायचं आणि १७० नं भागायचं. उत्तर येतं जवळजवळ ८ किलो. दार नुसतं स्थिर उभं असतानाही वरच्या बिजागरीचे स्क्रू चोवीस तास एवढा ताण सोसत असतात. मधली बिजागरी असेल तर ती यातला थोडा वाटा उचलते.

आता वीस किलो वजनाचं मूल कडीला धरून दारावर झोके घेतं. ते बिजागरीपासून ८५ सेंटिमीटरवर लोंबकळतंय. २० गुणिले ८५ भागिले १७०, म्हणजे आणखी १० किलो. ताण ८ वरून १८ वर गेला. मुलांना दारावर झोके घेऊ नका म्हणून आजी ओरडते, तिच्या ओरडण्यामागे हा आकडा आहे.

ताणानं स्क्रू कणाकणानं सैल होतात. दार कडीच्या बाजूनं खाली येतं. पीन नळीत सरळ उभी न राहता तिरकी दाबली जाते, एका कडेला घट्ट रुतते आणि वाजते. अशा पिनेवर तेल घातलं तर ते रुतलेल्या जागेतून पिळून बाहेर पडतं. चार दिवसांनी आवाज परत येतो तो म्हणून.

त्यामुळे तेलाच्या आधी पेचकस. पत्त्यांचे सगळे स्क्रू, विशेषतः वरच्या बिजागरीचे, आवळून पाहावेत. एखादा स्क्रू नुसताच गरगर फिरत असेल तर लाकडातलं भोक मोठं झालंय. स्क्रू काढून भोकात फेव्हिकॉल लावलेल्या लाकडी काड्या गच्च बसवाव्यात. काडेपेटीच्या गूल काढलेल्या काड्याही चालतात. रात्रभर वाळू द्यावं, वर आलेली टोकं कापावीत आणि स्क्रू पुन्हा पिळावा. ग्रॅनाइटच्या चौकटीत स्क्रू आतल्या लाकडी गुटक्यात धरलेला असतो. तो गुटकाच सैल झाला असेल तर हे काम मिस्त्रीचं.

५. कोणतं तेल?

घरातलं खाद्यतेल का नको, याचं उत्तर मराठवाड्याच्या शेतात सापडतं. करडईचं तेल आणि जवसाचं तेल हवेत उघडं राहिलं की हळूहळू प्राणवायू शोषून घेतं आणि त्याचे रेणू एकमेकांना जखडत जातात. पातळ तेलाचा चिकट थर होतो. जवसाच्या बाबतीत तर पार कडक पापुद्रा बनतो. या गुणामुळेच ही तेलं चित्रकारांच्या रंगांत वापरली जातात. रंगाला जे हवं, ते बिजागरीला नको. सूर्यफूल आणि सोयाबीन तेलाचा स्वभावही याच वाटेवरचा आहे. उन्हाळ्यात या चिकट थरावर धूळ बसते आणि पीन फिरेल तशी ती धातूला खरवडत राहते. दुसऱ्यांदा येणारा आवाज जाड का असतो, ते इथे कळतं.

खोबरेल तेल असं सहजी चिकट होत नाही, पण त्याची अडचण वेगळी. साधारण २४-२५ अंशांखाली ते गोठतं. शहरात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा त्याच्या कितीतरी खाली जातो. बाटलीतलं खोबरेल ज्या सकाळी घट्ट झालेलं दिसतं, त्या सकाळी बिजागरीतलंही घट्टच असतं.

एरंडेलाची गोष्ट मात्र निराळी. ते जाड असतं, सुकत नाही आणि थंडीत सहजी गोठत नाही. बैलगाडीच्या आसाला ते घातलं जाई, आणि पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या फिरत्या इंजिनांतही एरंडेलच वापरलं जाई. घरात दुसरं काही नसेल तर औषधाच्या बाटलीतलं एरंडेल बिजागरीला खुशाल लावावं. पण ते जाड असल्यानं बाहेरून आत शिरायला वेळ घेतं. पीन बाहेर काढता येत असेल तरच त्याचा खरा उपयोग.

सगळ्यांत सोयीचं म्हणजे शिलाई मशीनचं तेल. ते खनिज तेल आहे, पातळ आहे, फटीत पटकन मुरतं आणि हवेत चिकट होत नाही. छोटी बाटली कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते. पीन काढलीच असेल तर तिला बोटानं ग्रीस चोळावं. ग्रीस जागेवर थांबतं, म्हणून ते तेलापेक्षा जास्त टिकतं. फवाऱ्याच्या डब्यांचा विचार थोडा वेगळा करावा लागतो. यातलं सर्वांत नावाजलेलं डब्ल्यूडी-४० हे १९५३ मध्ये अमेरिकेतल्या सॅन डिएगो शहरात तयार झालं ते पाणी हटवून धातूला गंजापासून वाचवायला, आणि अ‍ॅटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्यावर ते वापरलं गेलं. गंजून जाम झालेली पीन मोकळी करायला असा फवारा उत्तम. पण त्यातला बराचसा भाग उडून जाणारा द्रावक असतो आणि मागे पातळ थर उरतो. जड दाराला त्यावर पुन्हा तेल किंवा ग्रीस द्यावं.

देवघर किंवा कपाटासारख्या, तेलाचे डाग नको असलेल्या जागी पिनेवर मेणबत्ती घासली तरी काम भागतं. साबण मात्र घासू नये. तो ओल धरतो आणि गंजाला आमंत्रण देतो.

६. पीन हातात घेतल्यावर

आधी नक्की कोणती बिजागरी वाजते ते शोधावं, नाहीतर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! एकानं दार अगदी सावकाश हलवावं, दुसऱ्यानं प्रत्येक बिजागरीवर आळीपाळीनं बोट टेकवावं. गुन्हेगार बिजागरी बोटाला थरथरताना कळते. कान फसतो, कारण आवाज साऱ्या फळीतून येत असतो. बोट सहसा फसत नाही. आणखी एक खूण म्हणजे बिजागरीखाली चौकटीवर उतरलेला काळा ओघळ किंवा बारीक काळी भुकटी. ती झिजलेल्या धातूची असते.

मग दार बंद करून त्याच्या खाली पाचर सारावी. घडी घातलेली वर्तमानपत्रंही चालतात. भार पाचरीवर आला की पीन सैल होते. खालून पिनेच्या टोकाला जाड खिळा लावून हातोडीनं हलके ठोके द्यावेत, पीन वर सरकते. एका वेळी एकच पीन काढायची. ती साफ करून परत बसवल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही. तीस किलोचं दार अंगावर आलं तर बोटं चेचतात. लोखंडी सेफ्टी डोअरच्या वाटेला तर एकट्यानं जाऊच नये.

बाहेर आलेली पीन उजेडात फिरवून पाहण्यासारखी असते. बहुतेक भागावर तेल, गंज आणि धूळ मिळून झालेलं काळं कीट आणि एका कडेला आडवे चकचकीत पट्टे. दाराचा भार नेमका तिथे पडतो. पट्टे पिनेभर सारखे असतील तर दार सरळ आहे. ते फक्त वरच्या किंवा खालच्या टोकाशीच असतील तर पीन तिरकी दाबली जातेय, म्हणजे पुन्हा स्क्रूकडे लक्ष द्यायला हवं. पट्ट्याच्या जागी बोटाला खळगा लागत असेल तर बिजागरीचे दिवस भरले.

पीन बारीक पॉलिश पेपरनं घासावी आणि रॉकेलच्या किंवा डिझेलच्या फडक्यानं पुसावी. हे करताना देवाजवळचा दिवा आणि गॅस लांब हवेत. नळीच्या आतही काडीला कापड गुंडाळून फिरवावं. मग ग्रीसचा पातळ हात द्यावा, पीन वरून घालावी, ठोकून बसवावी आणि बाहेर आलेलं जास्तीचं ग्रीस पुसून टाकावं. ते तसंच ठेवलं तर धूळ तिथेच येऊन बसते.

स्वस्त बिजागऱ्यांची पीन मात्र दोन्ही टोकांना ठोकून पसरवलेली असते, ती निघतच नाही. तिथे नळ्यांच्या मधल्या फटींत मशीनचं तेल सोडावं, दार वीस-पंचवीस वेळा पूर्ण उघडमीट करावं, बाहेर आलेलं काळं पुसावं आणि पुन्हा तेल सोडावं. स्वच्छ तेल बाहेर यायला लागलं की आतला मळ निघाला असं समजावं. दिवाळीच्या रंगकामात बिजागरीवरही ब्रश फिरवलेला असेल, तर फटीतला रंग आधी ब्लेडनं खरवडावा लागतो. त्याशिवाय तेलाला आत जायला वाटच नसते.

७. तेलानं न जाणारा आवाज

जुलै-ऑगस्टमध्ये सुरू होणारा आणि दार मिटताना शेवटच्या इंच-दोन इंचांतच येणारा आवाज बिजागरीचा नसतो. लाकूड हवेतली ओल पिऊन रुंदीत फुगतं आणि दार चौकटीला घासतं. चौकट आणि दार यांच्यामध्ये कार्बन पेपर धरून दार मिटलं की घासणाऱ्या जागी निळा डाग उमटतो. तेवढ्याच जागी पॉलिश पेपर किंवा रंधा चालवावा, पण पावसाळ्यात हात आखडताच बरा. सपाटून रंधा मारला तर उन्हाळ्यात लाकूड आकसल्यावर तिथे फट पडते. उघडं झालेलं लाकूड वार्निश लावून बंद करावं, म्हणजे पुढच्या वर्षी ते कमी ओल पितं.

बाथरूमच्या दाराची तऱ्हा याहून वेगळी. तिथली लोखंडी बिजागरी सतत ओली राहते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून पीन आणि नळी यांच्यातली फट तो भरून काढतो आणि दार फिरायलाच जड होतं. तिथे तेल घालत बसण्यापेक्षा स्टेनलेस स्टीलची बिजागरी लावून मोकळं व्हावं. शहरातल्या दुकानात बिजागरी मागितली काय किंवा कब्जा मागितला काय, हातात एकच वस्तू पडते. पण जाताना जुनी बिजागरी खिशात टाकून न्यावी. लांबी, पत्त्याची रुंदी आणि जाडी, स्क्रूच्या भोकांच्या जागा या सगळ्या तिच्याशी ताडून घ्याव्यात. भोकं जुळली तर दार न उतरवता, पाचर लावून, एकेक बिजागरी बदलता येते. पत्ता जुन्यापेक्षा जाड असेल तर पटाशीनं खाच खोल करावी लागते, आणि पातळ असेल तर खाचेत पुठ्ठ्याचा तुकडा घालून तो पातळीत आणावा लागतो. स्क्रूही नवे घ्यावेत, जुन्यांपेक्षा थोडे लांब, म्हणजे ते न वापरलेल्या लाकडात जाऊन धरतात.